बेवड कुणाच्या मालकीचा?

धाराशिव जिल्ह्यात रान बघायला आलेला माणूस आधी विचारतो, "मागं काय होतं?" तूर होती म्हटलं की मान डोलावतो. हरभरा होता म्हटलं तरी त्याला चालतं. ज्वारी होती म्हटलं की तो जरा थांबतो, आणि रानाचा भाव त्याच्या मनात थोडा खाली येतो.

आधीच्या पिकानं मातीत जे मागं ठेवलं आणि मातीतून जे नेलं, त्या सगळ्या देण्याघेण्याला मराठीत एकच शब्द आहे, बेवड. काही भागांत बिवड म्हणतात. पीक फेरपालट हा सरकारी पुस्तकातला शब्द झाला. तो माणसानं काय करावं ते सांगतो. बेवड हा शब्द रानाच्या बाजूचा आहे. मी कोड लिहून पोट भरतो, आणि आमच्याकडे एखाद्या सिस्टीमला मागचं काही आठवतं की नाही यावर निम्मी भांडणं होतात. रानाला आठवतं, एवढं मला नोकरीच्या आधीपासून माहीत होतं.

ज्वारीचा बेवड वाईट का, याचं उत्तर प्रयोगशाळेनं फार उशिरा दिलं. ज्वारीची धसकटं आणि मुळ्या म्हणजे जवळजवळ सगळा कर्ब. नत्राच्या एका भागाला कर्बाचे ६० किंवा त्याहून जास्त भाग. ते कुजवणाऱ्या जिवाणूंना स्वतःचं अंग वाढवायला नत्र लागतं. धसकटात ते सापडत नाही, म्हणून ते मातीतलं उचलतात. नेमकं तेव्हाच पुढचं पीक उगवून वर आलेलं असतं आणि ते पिवळं पडतं. काही महिन्यांनी जिवाणू मरतात, नत्र परत मोकळं होतं, पण तोवर हंगाम गेलेला असतो. दुसरं म्हणजे ज्वारीच्या मुळ्यांच्या केसांतून सोर्गोलिओन नावाचं तेलकट द्रव्य पाझरतं. शेजारची रोपटी त्यानं खुरटतात. शास्त्रज्ञांनी हे १९८० च्या दशकात ओळखलं. आमच्याकडच्या कुणालाही ते नाव माहीत नव्हतं, पण ज्वारीवर ज्वारी घेऊ नये हे सगळ्यांना माहीत होतं.

आता याच्या अगदी उलट एक चित्र. जपानच्या शिकोकू बेटावर मासानोबू फुकुओका भाताची कापणी व्हायच्या आधीच उभ्या पिकात राय किंवा बार्लीचं बी आणि क्लोव्हर फेकायचे. भात कापला की त्याचा पेंढा तसाच त्या रानावर पसरायचे. पुढं बार्ली कापली की तिचं काड पुढच्या भातावर. नांगर नाही, विकतचं खत नाही. त्यांचं 'वन स्ट्रॉ रेव्होल्यूशन' हे पुस्तक १९७५ चं, आणि आपल्याकडच्या सेंद्रिय शेतीवाल्यांच्या दोन पिढ्या त्यावर वाढल्या. भातशेतीच्या इतर देशांतही दोन भातांच्या मधल्या रिकाम्या काळात एखादं तृणधान्य किंवा गवत पेरून जमिनीत गाडायची पद्धत आहे. रान झाकलेलं राहतं, वाहून जाणारं नत्र ते पीक धरून ठेवतं आणि कुजल्यावर भाताला देतं.

म्हणजे तृणधान्य गाडून माती सुधारते. मग ज्वारीच्या या जिल्ह्यात, जिथं शेकडो वर्षं दुसरं काही एवढं पिकलं नाही, तिथं ज्वारी कुणी का गाडली नाही? "शेतकऱ्याला माहीत नव्हतं" हे उत्तर सोपं आहे आणि माझ्या मते चूक आहे. खरं उत्तर शोधायला ज्वारीच्या एका ताटाचं काय काय व्हायचं ते बघावं लागेल.

कणीस माणसांचं. धाटाचा कडबा, त्याच्या पेंढ्या, पेंढ्यांची गंज, ती वर्षभर बैलांची आणि म्हशीची. काही गावांत रब्बी ज्वारी विळ्यानं कापत नाहीत, मुळासकट उपटतात. तिथं तर मुळीही रानात राहत नाही. जिथं कापतात तिथं मागं राहिलेली धसकटं कुळवानं उचकटायची आणि बायका-पोरांनी वेचून घरी आणायची, चुलीसाठी. तुरीच्या तुराट्या कुडाला आणि चुलीला. कडबा खाऊन बैलानं टाकलेल्या शेणातलं बरंच गवऱ्यांत जायचं, म्हणजे परत चुलीत. उरलेलं शेण, राख, केरकचरा उकिरड्यावर, आणि उकिरडा उन्हाळ्यात बैलगाडीनं रानात. तोही सगळ्या रानात नाही. गावालगतच्या दोन-चार एकरांना तो पोचायचा. डोंगराकडच्या माळाला खताची गाडी कधी लागलीच नाही.

यात वाया गेलेलं काय आहे? काहीच नाही. मातीसाठी वेगळं काढून ठेवलेलं काय आहे? तेही जवळजवळ काहीच नाही. ज्वारी मातीत जायची ती जनावराच्या पोटातून वळसा घालून, आणि त्या वळशात चूल बसलेली होती.

एक वाट तेवढी सरळ होती. सुगी झाल्यावर धनगरांची मेंढरं रानात बसवायची. दिवसा ती सड, पालापाचोळा, बांधावरचं गवत खायची आणि रात्री रानातच बसायची. चार-पाच रात्रींत लेंड्या आणि मूत सगळ्या रानभर पडायचं, पुढच्या कुळवणीत मातीत मिसळायचं. त्या बदल्यात धनगराला धान्य मिळायचं. ज्वारीच्या वाईट बेवडावर हा उतारा होता. कर्ब-नत्राचं गणित मेंढीच्या पोटात सुटत होतं.

कडबा गाडायचा म्हणजे बैलाच्या तोंडचा घास गाडायचा. आणि या भागात कडबा म्हणजे दुष्काळाचा विमाही होता. १९७२ आठवणाऱ्या कुणालाही विचारा, आधी काय संपलं म्हणून. अलीकडच्या दुष्काळांतही जिल्ह्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या. मोहोळच्या केंद्रावर निवडलेली मालदांडी ३५-१ ही ज्वारी इतकी वर्षं टिकली ती भाकरीच्या चवीमुळं आणि तितकीच कडब्यामुळं. तिच्याहून जास्त दाणे देणाऱ्या जाती आल्या, पण धाट जनावर खाईना तर उपयोग काय?

इथं जरा सह्याद्री उतरून कोकणात जाऊ, कारण महाराष्ट्रातला भात तिथं आहे आणि मातीत काय घालायचं यावरचं सगळ्यात मोठं भांडणही तिथंच झालं. तिथं अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस. पाण्याची ददात नाही. पण त्याच पावसानं मातीतलं सत्त्व धुऊन जातं. त्यावर तिथल्या शेतकऱ्याचा उपाय म्हणजे राब. झाडांच्या फांद्यांची कवळं तोडायची, ती, शेण, गवत, पातेरा असं थरावर थर रचून रोपांच्या वाफ्यावर पसरायचं, पावसाआधी जाळायचं आणि त्या भाजलेल्या मातीत भात पेरायचा. म्हणजे खतासाठीचं पीक रानात पेरायचं नाही, डोंगरावरून आणायचं.

१८७८ चा जंगल कायदा आला आणि डोंगर सरकारचा झाला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत कवळ तोडणं हा गुन्हा ठरू लागला. ओरड एवढी झाली की सरकारला १८८५ मध्ये आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ चा. राब खरंच लागतो की नुसती जुनी खोड आहे, हा प्रश्न होता. मुंबई इलाख्याचे शेती खात्याचे अधिकारी ओझॅन यांनी लोणावळ्याला राबाचे प्रयोग करून पाहिले आणि शेतकऱ्याची पद्धत फायद्याची निघाली. साहेबाला पटायला प्लॉट आखावे लागले, हे त्यातलं गमतीचं.

याच काळात, १८८३ मध्ये, महात्मा फुले 'शेतकऱ्याचा आसूड' लिहीत होते. त्यातला मातीचा भाग शाळेत फारसा शिकवत नाहीत. डोंगरावरचा पालापाचोळा, मेलेले किडेमुंगी, जनावरांचं शेणमूत पावसाबरोबर वाहत खाली येऊन शेतात मुरायचं, ती वाट जंगल खात्यानं आणि बंद झालेल्या गायरानांनी तोडली, असा त्यांचा मुद्दा आहे. त्यावर उपाय म्हणून जागोजाग ताली-बंधारे घालून पाणी आणि गाळ शेतात जिरवावा, असं ते सुचवतात. रासायनिक खत गावात पोचायच्या कितीतरी आधी या माणसानं जमिनीचा कस हा हक्काचा प्रश्न म्हणून मांडला होता. चारा कुणाचा, पाला कुणाचा, डोंगर कुणाचा, हे ठरल्याशिवाय शेतात काय गाडायचं ते ठरत नाही.

सहा वर्षांनी, १८८९ मध्ये, जॉन ऑगस्टस व्होल्कर हा इंग्लंडचा रसायनतज्ज्ञ भारतीय शेती कशी सुधारावी ते सांगायला आला. १८९३ साली छापलेल्या त्याच्या अहवालात त्यानं इथल्या शेतकऱ्याला फेरपालट आणि मिश्रपीक उत्तम कळतं असं नमूद केलं. शेण जाळतात ते अडाणीपणानं नाही, जळण नाही म्हणून, असंही. त्याचा उपाय साधा होता: गावाजवळ जळणाची आणि चाऱ्याची राखीव झाडी वाढवा, शेण आपोआप शेतात जाईल. तो उपाय फार पुढं गेला नाही.

आता परत वर, पठारावर. तो अहवाल ब्रिटिश मुलखाचा. आजचा धाराशिव जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, नळदुर्ग जिल्हा म्हणून. पुढं धाराशिव मुख्य ठिकाण झालं आणि निजाम मीर उस्मान अली खानाच्या नावावरून उस्मानाबाद. सीमेपलीकडं सोलापूर मात्र इंग्रजांचं, तुळजापुरापासून जेमतेम ४५ किलोमीटर. त्या सोलापुरात १९३३ मध्ये कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू झालं. देशात अशी पाच केंद्रं होती आणि त्यातलं रायचूरचं निजामाच्या हद्दीत होतं. या कामावर एन. व्ही. कानिटकरांनी १९४४ मध्ये लिहिलेलं 'ड्राय फार्मिंग इन इंडिया' हे पुस्तक आजही संदर्भाला घेतात.

कोरडवाहू संशोधनाचं सगळं लक्ष ओलीवर होतं. का, ते आमच्याकडच्या रब्बीवरून कळतं. भारी काळ्या रानात पावसाळाभर काहीच पेरायचं नाही. जून ते ऑगस्ट नुसतं कुळवत राहायचं, तण मारायचं, पाणी मुरवायचं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात त्या साठलेल्या ओलीवर ज्वारी पेरायची. याला खरीप पड म्हणतात. कागदावर बघितलं तर हिरवळीच्या खतासाठी याहून मोकळी जागा कुठली? जूनमध्ये ताग पेरा, ४०-४५ दिवसांनी फुलोऱ्याआधी गाडा, दीड महिन्यात कुजेल, मग ज्वारी.

पण जिल्ह्याचा पाऊस वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर, आणि तोही लहरी. ऑगस्टमध्ये खंड पडला तर ताग गाडायच्या वेळी माती कोरडी. गाडलेला ताग कुजायलाही पाणी लागतं, आणि वाढताना तो ज्वारीसाठी साठवायची ओल पिऊन बसलेला असतो. चांगल्या वर्षी फायदा, वाईट वर्षी ज्वारीचंही नुकसान. वर्ष कसं जाणार हे जूनमध्ये कुणाला माहीत? शिवाय ताग पेरलाच तर तो सोलून दोरखंडं वळायला लागायचा, अंबाडीसारखाच. बैलाचं दावं मातीपेक्षा निकडीचं होतं.

या पेचावर सगळ्यात प्रामाणिक उत्तर इंदूरला निघालं असं मला वाटतं. अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ तिथल्या संस्थेत होते आणि त्यांच्यासोबत यशवंत वाड हे मराठी नावाचे सहकारी. दोघांनी १९३१ मध्ये मिळून पुस्तक लिहिलं, पिकांच्या टाकाऊ मालापासून खत करण्याबद्दल. हिरवळीचं खत हिंदुस्थानात कधी साधतं कधी फसतं, हे त्यांना दिसत होतं. कारण शेतात कुजवायचं तर पाणी, हवा, नत्र आणि वेळ हे चारही एकदम जुळून यावे लागतात. मग कुजवण्याचं काम शेतातून बाहेर काढा, ढिगात करा, असं ते म्हणाले. कापसाच्या पऱ्हाट्या कुजेनात, तर त्या संस्थेच्या रस्त्यांवर पसरायच्या आणि बैलगाड्यांच्या चाकांखाली चुरा होऊ द्यायचा. तो चुरा बैलांच्या पायाखाली अंथरायचा, मूत शोषलं की ढिगात. जगभर इंदूर पद्धत म्हणून जे कंपोस्ट गेलं ते हे. त्याला बैल लागतात, माणसं लागतात आणि जळणापासून वाचलेला काडीकचरा लागतो. हे तिन्ही ज्याच्याकडं होतं त्याचं रान सुधारलं.

भाताकडं पुढं डॉ. नारायण सावंतांनी चारसूत्री पद्धत दिली. त्यातलं पहिलं सूत्रच भाताचे अवशेष परत भाताला द्यायचं आहे: तुसाची राख रोपवाटिकेत, पेंढा खाचरात. सिलिका आणि पालाश त्यातून परत येतं. भाताला सिलिकाचं महत्त्व काय यावर सावंतांचं स्वतःचं संशोधन होतं. दुसरं सूत्र गिरिपुष्पाचा पाला, हेक्टरी सुमारे ३ टन, चिखलणीआधी. म्हणजे नत्राच्या बाजूला कोवळा पाला आणि कर्बाच्या बाजूला पेंढा, दोन्ही एकत्र. आणि गिरिपुष्प बांधावर लावायचं, त्यामुळं कवळासाठी डोंगरावर जायला नको. १८८५ च्या त्या भांडणाला शंभर वर्षांनी मिळालेलं हे उत्तर आहे, असं मी समजतो.

कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर गणिताचे प्राध्यापक. त्यांनी प्रयोग परिवार उभा केला आणि त्यांच्या विचारातून आलेल्या पद्धतीत तृणधान्यं, डाळी, तेलबिया आणि मसाल्याची पिकं एकत्र पेरून टप्प्याटप्प्यानं कापतात आणि मातीत मिसळतात: साधारण २१ दिवसांनी थोडं, ४२ दिवसांनी थोडं, ६३ दिवसांनी उरलेलं. सुरुवातीचा ज्वारीचा प्रश्न इथं सुटतो. तीन आठवड्यांची ज्वारी आणि काढणीला आलेली ज्वारी या मातीच्या दृष्टीनं दोन वेगळ्या वस्तू आहेत. कोवळं ताट रसरशीत, नत्र भरपूर, पंधरवड्यात विरघळतं. तेच ताट चार महिन्यांनी लाकूड होतं. कोवळ्या ज्वारीनं जनावराला विषबाधा होते म्हणून गुराखी तिच्यापासून गुरं दूर ठेवतो. मातीला त्याचा त्रास नाही. वाईट बेवड हा ज्वारीचा दोष कमी आणि तिच्या वयाचा जास्त.

मग आज काय अडलंय? १९९० नंतर जिल्ह्यात सोयाबीन आलं आणि खरिपाचं जवळजवळ सगळं रान त्यानं व्यापलं. खरीप पड संपली. सोयाबीन डाळवर्गीय, त्यामुळं बेवड चांगला असं वाटतं, पण मुळांच्या गाठींनी कमावलेलं बहुतेक नत्र दाण्यातून थेट लातूरच्या अडतीवर जातं. मळणीनंतरचं भुसकट बांधावर ढीग होऊन पडतं, कधी पेटवलं जातं. ट्रॅक्टर आले, बैल गेले. २०१६ नंतर उज्ज्वलाचे सिलिंडर आले. चूल पूर्ण विझली नाही, पण धसकटं वेचायला कुणी जात नाही. म्हणजे ज्या तीन तोंडांनी ज्वारीचं ताट खाल्लं, त्यांतली बैल आणि चूल ही दोन तोंडं आता मिटत आली आहेत. काडीकचरा इतिहासात पहिल्यांदा मोकळा आहे. नेमकी तेव्हा ज्वारीच उरली नाही.

आणि एक तिसरी गोष्ट आहे, जी पाऊस आणि बैलांपेक्षा मला जास्त अडचणीची वाटते. ताग असो की ज्वारी, गाडलेल्या पिकाचं फळ पुढच्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी मिळतं. बटई मात्र एका वर्षाची असते, पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. याला १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट कायदा कारण आहे, उलट्या दिशेनं. कुळाला जमिनीवर हक्क मिळावा म्हणून तो केला. त्यानंतर कूळ लागू नये म्हणून मालकांनी तोंडी व्यवहार सुरू केले आणि एकाच माणसाकडं रान सलग राहू नये अशी काळजी घेतली. कायद्याचा हेतू चांगला होता, बरीच कुळं त्यानं मालकही झाली. पण जी जमीन वाटणीत राहिली तिचा बेवड पोरका झाला. कसणारा एका हंगामाचा हिशेब करतो, आणि त्याच्या जागी कुणीही तोच करील.

माझ्या पिढीत हे वाढलंय. पुण्यात, हिंजवडीत, बंगळुरूत बसलेल्या आमच्यासारख्यांच्या नावावर कळंब-वाशी-भूमकडची पाच-सात एकरं आहेत आणि ती बटईनं किंवा ठोक्यानं दिलेली आहेत. आमचं रान गावातले एक मामा करतात. गेल्या पाडव्याला वडिलांनी फोनवर त्यांना सुचवलं की एक एकर सोयाबीन सोडून ताग आणि ज्वारी मिसळून पेरू, महिन्याभरात गाडू, बियाणं आम्ही देतो.

मामा म्हणाले, "अण्णा, पेरतो की. पण त्या एकराचं सोयाबीन कुणाच्या वाट्यातून कापायचं? आणि पुढल्या साली रान माझ्याकडंच ठेवताय का?"

वडील तीन वर्षांच्या बोलीला तयार आहेत. कागद करायचा का, यावर घरात अजून बोलणं चालू आहे. चुलत्यांना कागद नको आहे. तोवर मामांनी त्या एकरात हरभरा घेतला.